सिस्टर, पायांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून

सिस्टर,

तुम्हाला थँक यू म्हणायचं दोन फॉलोअपपासून राहून जातंय, दर वेळी तुमच्या टेबलापुढे पेशंटची रांग असते आणि मी नुसतं "बरंय आता" म्हणून उठते. म्हणून इथे सगळं लिहितेय, तुम्ही वाचालच आणि माझ्यासारखं वजन कमी करायचं जठराचं बायपास ऑपरेशन झालेलं अजून कुणी रात्री जागं असेल तर त्यांच्याही नजरेला पडेल.

त्या दिवशी तुम्ही वजन घेतलंत, आकडा लिहिलात आणि पेन खाली ठेवून विचारलंत, "झोप कशी आहे?" ऑपरेशनला तेव्हा अकरा महिने झाले होते, ३६ किलो कमी झाले होते आणि जो भेटेल तो म्हणायचा, किती छान दिसतेस. अशा वेळी तक्रार कुठल्या तोंडाने करायची? मी म्हटलं, पाय दुखतात जरा रात्री. तुम्ही तिथेच थांबवलंत मला. "दुखतात, गोळे येतात, की हलवल्याशिवाय राहवतच नाही?"

सिस्टर, मला रडूच आलं हो. कारण ते दुखणं नव्हतंच. अंथरुणावर पाठ टेकली की पंधरा-वीस मिनिटांत पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं, वर कातडीला काही नाही, आत, पार हाडाजवळ, आणि पाय झटकला की क्षणभर बरं वाटायचं की परत सुरू. उठून चाललं की थांबायचं. म्हणून मी चालायची, हॉल ते किचन, किचन ते हॉल, रात्री एक, दोन, अडीच. नवरा बिचारा बाहेर सोफ्यावर झोपायला लागला कारण माझ्या लाथा बसायच्या त्याला. आणि जागं राहिलं की भूक, म्हणजे भूक नसतेच खरं तर, पण हात डब्याकडे जातो, आणि मग वजन परत वाढेल या भीतीने उरलेली झोपही जायची. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे हिमोग्लोबिन बघून सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. मग मीही धरून चालले की मनाचेच खेळ असणार.

तुम्ही मात्र चारच प्रश्न विचारलेत. हलवावंसं वाटतं का, बसल्या-पडल्यावर वाढतं का, चाललं की कमी होतं का, संध्याकाळ-रात्रीच होतं का. चारही हो. मग म्हणालात याला नाव आहे, रेस्टलेस लेग्ज, आणि बायपासवाल्यांमध्ये हे दिसलं की आधी लोह बघायचं. तुम्ही कागदावर काढलेलं ते जठराचं चित्र अजून जपून ठेवलंय मी. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषलं जातं तोच भाग बायपासमध्ये बाजूला पडतो, वर लहान जठरात ॲसिड कमी, त्यात ॲसिडिटीची गोळी चालू, खाणं एवढंस्सं. म्हणजे लोह पोटात गेलं तरी अंगाला लागणार कुठून! आणि मेंदूत लोह कमी पडलं की डोपामिन नावाच्या तिथल्या रसायनाचं गणित बिघडतं, तेच पायांत उतरतं, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की घरी जाऊन मी नवऱ्याला तस्संच सांगू शकले.

मग तुम्ही माझी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावलीत. सकाळी चहासोबत कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेत होते मी, एकदाच काम उरकावं म्हणून! कॅल्शियमही लोहाला अडवतं, चहाही अडवतो. लोह आणि या दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लिंबूपाण्यासोबत घ्या म्हणालात. आणि ती सर्दीची गोळी, जी मी झोप यावी म्हणून रात्री घ्यायची, ती बघून तुम्ही कपाळाला हात लावलात, कारण झोप आणणाऱ्या तसल्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी पाय उलट जास्त वळवळतात. मळमळीच्या काही गोळ्यांनीही होतं तसं, त्या कुणी दिल्या तर आधी पायांबद्दल सांगायचं, हेही बजावलंत.

तुम्ही डॉक्टरांशी बोलून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला लावलंत, ते आलं १९. लॅबच्या रेंजमध्ये बसत होतं, शेजारी लाल खूणसुद्धा नव्हती! मी एकटीने बघितला असता तर रिपोर्ट फाइलमध्ये गेला असता. तुम्ही म्हणालात की या त्रासात ७५ च्या खाली असेल तरी लोह देतात, रेंजवर जाऊ नका. तीन महिने गोळ्या घेऊन २६ झालं फक्त, वर बद्धकोष्ठता, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं. सलाइन चालू असताना तुम्ही दोनदा येऊन गेलात आणि आधीच सांगून ठेवलंत की उद्या लगेच फरक दिसणार नाही, काही आठवडे लागतील. ते सांगितलंत म्हणून पहिला आठवडा निघाला, नाहीतर मी तिसऱ्याच रात्री हाय खाल्ली असती.

त्या मधल्या रात्रींसाठी तुम्ही दिलेल्या साध्यासुध्या गोष्टींनी खूप साथ दिली. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणायच्या, गरम पाण्याने शेकायच्या, संध्याकाळनंतर कॉफी बंद. सगळ्यात उपयोगी पडलं ते शब्दकोडं, डोकं गुंतलं की पाय विसरतात म्हणालात ते अगदी खरं, मला तर विणकामानेही व्हायचं. नंतर मी वाचलं की थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरांनी १६७२ मध्येच या त्रासाबद्दल लिहिलंय आणि एकबॉम नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. इतकी जुनी गोष्ट आणि मी वर्षभर स्वतःला वेडी ठरवत होते.

पाचव्या आठवड्यात एका रात्री मी साडेदहाला झोपले आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं. नवरा शेजारीच होता. पाय शांत. मी तशीच पडून राहिले कितीतरी वेळ, हलवायची गरज नाही म्हणून मुद्दाम न हलवता. आता आठवड्यातून एखाद्या रात्री थोडं वळवळतं, पण चालावं लागत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं मनाने लोहाच्या गोळ्या वाढवलेल्या नाहीत, जास्त झालं तरी वाईट हे लक्षात आहे. बी१२ चं इंजेक्शनही वेळेवर चालू आहे. मंगळवारी परत फेरिटिन करतेय, रिपोर्ट आला की रांग असली तरी थांबून आधी तुम्हाला दाखवणार.

तुमची,
हॉल ते किचन चालणारी पेशंट