इम्प्लांटभोवतीचं हाड परत येतं, पण सगळ्यांचं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जाहिरात आली होती, लेझरने एकाच सिटिंगमध्ये इम्प्लांटभोवतीचं, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवलेल्या स्क्रूभोवतीचं, झिजलेलं हाड परत उगवून देऊ म्हणून, आणि आता पेशंट तिचं कात्रण घेऊनच दवाखान्यात येतायत. मी हिरड्यांची डॉक्टर आहे, हाड भरायचं काम मीही करते, त्यामुळे उपचाराला माझा विरोध नाहीच. पण जाहिरातीत अर्धंच सांगितलंय.

मुळात इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा हा आजार दुखत नाही हीच पंचाईत आहे. आपल्या दाताचं मूळ हाडाला तंतूंनी बांधलेलं असतं, इम्प्लांटला ते तंतू नसतात, टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात रुजतो, त्यामुळे वरचं अर्धं हाड जंतूंनी खाल्लं तरी खालच्या अर्ध्यावर तो घट्ट उभा राहतो आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, मी तर त्यावर शेंगदाणे खातो!" ब्रश करताना रक्त, हिरडी दाबली की पू, तोंडाला वास, एवढंच कळतं. नुसती हिरडी सुजली असेल तर सफाईने बरी होते. हाड उतरायला लागलं की मात्र ते आपोआप थांबत नाही, आणि आधी पायरियाने दात गेलेल्यांना, शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्यांना धोका जास्त.

आता हाड भरण्याबद्दल. आधी हिरडीच्या खालून नीट सफाई करायची, 6 ते 12 आठवड्यांनी परत तपासायचं, तरीही खोल पॉकेट (हिरडी आणि स्क्रूमधली फट) आणि रक्त असेल तर हिरडी उघडायची. उघडल्यावर स्क्रूचे आटे दिसतात, आट्यात किटण, कधी कधी तर स्क्रूवरची दाताची कॅप चिकटवताना आत उतरलेलं सिमेंट तसंच पडलेलं. ते टायटॅनियमच्या बारीक ब्रशने घासून, सलाईनने धुऊन काढायला वेळ लागतो आणि खरं काम तेच आहे, लेझर वापरला म्हणून जास्त फायदा होतो असं अभ्यासांतून ठोस दिसलेलं नाही. मग बघायचं खड्डा कसा आहे. द्रोणासारखा, बाजूंना भिंती असलेला, निदान 3 मिलिमीटर खोल असेल तर हाडाची पावडर त्यात टिकते. पत्रावळीसारखं सगळीकडून सपाट उतरलं असेल तर पावडर थांबणार कुठे? तिथे ती घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि ते 'आधी आणि नंतर'चे एक्स-रे! पावडर स्वतःच एक्स-रेत पांढरी दिसते हो, त्यावरून हाड स्क्रूला परत चिकटलं की नाही हे कळत नाही. रक्त, पू थांबला का आणि पॉकेट कमी झालं का ते विचारा.

अजून एक, जे कुणी आपणहून सांगत नाही. सर्रास वापरली जाणारी पावडर गायीबैलांच्या हाडापासून केलेली असते, तिच्यावर झाकायचा कोलॅजनचा पडदा बऱ्याचदा डुकराचा असतो. प्रक्रिया केलेली असते, सुरक्षित असते, पण माळकरी किंवा जैन पेशंटला हे सही घ्यायच्या आधी सांगायला नको का? कृत्रिम पावडर मिळते, पेशंटचं स्वतःचं हाडही घेता येतं.

स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला बसवलेले इम्प्लांट त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 40 वर्षं टिकले, हे सगळे सांगतात. पण दरवर्षी तपासणी लागते हे बिल देताना कुणी बोलत नाही. माझ्याकडे दुसरीकडून येणाऱ्या बहुतेकांना स्क्रू कुठल्या कंपनीचा, किती मापाचा हेच माहीत नसतं, आणि प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा, त्यामुळे साधी कॅप काढायची तरी अडून बसतं. जुना एक्स-रे नसेल तर हाड किती उतरलं हे कशाशी ताडून बघायचं? कंपनी, माप, तारीख लिहिलेलं कार्ड आणि कॅप बसवल्यावरचा एक्स-रे पेशंटच्या हातात देणं डेंटल कौन्सिलने सक्तीचं करावं. तोवर वाचकांनी ते मागून घ्यावं, आणि तुम्ही अशा जाहिराती छापायच्या आधी एखाद्या डॉक्टरला दाखवून घ्याव्यात ही विनंती.

आपली नम्र,
एक दंतवैद्य, सातारा