जुना पिकअप आणि त्याचं वाइंडिंग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या इलेक्ट्रिक गिटारींवरचा लेख आवडला, पण त्यात म्हटलंय की जुने पिकअप (स्ट्रिंग्सजवळचं मॅग्नेट आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक वायर, म्हणजे कॉइल, जी स्ट्रिंगच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करते) सगळे एकाच पद्धतीने बनायचे आणि वर्षं जातील तसा त्यांचा आवाज मुरत जातो, हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय. अल्निकोचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिसळलेल्या लोखंडाचं, मॅग्नेट नुसतं पडून राहून फारसं कमजोर होत नाही, दुसरं जोरदार मॅग्नेट जवळ नेलं तर मात्र फरक पडतो. जुन्या पिकअपचा आवाज वेगळा लागतो तो तेव्हा ते ज्या पद्धतीने बनवले त्यामुळे, आणि ती पद्धत दर काही वर्षांनी बदलत होती.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचमने रिकेनबॅकर कंपनीसाठी जो पिकअप केला त्यात घोड्याच्या नालासारखी दोन मॅग्नेट स्ट्रिंग्सच्या वरून वळसा घालून जायची, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात मध्येच अडकणार. १९३६च्या गिब्सन कंपनीच्या ईएस-१५० गिटारमध्ये मोठी मॅग्नेट गिटारच्या वरच्या फळीखाली लपवली आणि वर फक्त एक पातं ठेवलं. पुढे अल्निकोमुळे लहान मॅग्नेटही पुरेशी जोरदार मिळायला लागली आणि १९४६ला गिब्सनचा पी-९० पिकअप आला. फेंडर कंपनीने तर अजूनच सोपं केलं, सहा मॅग्नेट फायबरच्या दोन पट्ट्यांत दाबून बसवली, लॅकरमध्ये बुडवली आणि वायर थेट त्यांच्याभोवतीच गुंडाळली.

पण या सगळ्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपना हम (विजेच्या उपकरणांमुळे येणारी घूंऽऽ अशी घरघर) यायचा. त्यावर गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलटसुलट जोडून तोडगा काढला, पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ला, मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर लावायचे म्हणून आजही सगळे त्याला पीएएफ म्हणतात. गंमत म्हणजे नंतरच्या स्टिकरवर छापलेला पेटंट नंबर या पिकअपचा नव्हताच, तो टेलपीसच्या, म्हणजे स्ट्रिंग्स अडकवायच्या भागाच्या, पेटंटचा होता. पीएएफमध्ये प्रत्येक बॉबिनवर (वायर गुंडाळायच्या रिळावर) साधारण ५,००० वेढे असायचे, साधारणच, कारण मोजणी काटेकोर नव्हती, कधी एका बॉबिनवर जास्त तर दुसऱ्यावर कमी, आणि अल्निकोही कधी दोन नंबरच्या प्रकारचं कधी पाच नंबरच्या. म्हणून एकाच वर्षाचे दोन पीएएफसुद्धा सारखे वाजत नाहीत.

फेंडरकडे वायर हाताने सरकवत गुंडाळायचे, अबिगेल इबारा यांनी तिथे अनेक दशकं हे काम केलं. १९६४च्या सुमारास स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) कॉइलसाठी फॉर्मवार नावाच्या जाड कोटिंगची वायर जाऊन साधी एनॅमलची आली, वेढेही पुढे कमी झाले. सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये जी स्ट्रिंगखालचं मॅग्नेट सगळ्यात उंच असायचं कारण तेव्हा त्या स्ट्रिंगवरही बारीक तार गुंडाळलेली असायची, मग लोक साधी जी लावायला लागले आणि तीच जास्त ओरडायला लागली, तरी मॅग्नेट एका पातळीत यायला ७०चं दशक उजाडलं!

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या जुन्या स्ट्रॅटचा मधला पिकअप अचानक बंद पडला म्हणून रिपेअरला दिला. आधी घरी भिंगातून पाहिलं होतं, वायर केसासारखी, ०.०६ मिलिमीटरची, आणि बाहेरचं टोक जिथे आयलेटला (धातूच्या छोट्या कडीला) सोल्डर केलेलं असतं तिथे हिरवा ठिपका पडून तुटलेलं. एक वेढा सोडवून सोल्डर केलं असतं तर चाललं असतं, हे मी सांगूनही आलो होतो. परत मिळाला तेव्हा अख्खी कॉइल कापून नवीन गुंडाळलेली, वर आणि जास्त वेढे घातलेत आता आउटपुट वाढेल असं मोठ्या उत्साहाने सांगितलं. जुनी वायर मागितली तर ती केव्हाच टाकून दिलेली. आवाज जाड झाला, वरची झिलई गेली ती गेलीच, खूप वाईट वाटलं.

म्हणून ज्यांच्याकडे असे पिकअप आहेत त्यांना विनंती, कॉइलचा रोध (ओहम) दाखवणाऱ्या नुसत्या मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. तापमान १० अंशांनी वाढलं तरी तांब्याचं रीडिंग जवळपास ४ टक्क्यांनी वाढतं, आणि फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेक (मानेजवळच्या) पिकअपला वायरच बारीक असते, म्हणजे ओहम जास्त दिसले म्हणून वेढे जास्त असं नसतं. बंद पडला तर आधी दोन्ही टोकं आणि सोल्डर तपासा. तुटणं आत मॅग्नेटजवळ असेल आणि रिवाइंड करावंच लागलं तर कॉइल कापू देऊ नका, वायर उलगडत वेढे मोजायला सांगा, कोटिंग कुठलं होतं ते लिहून घ्या आणि वायरचा तुकडा जपून ठेवा, नवीन वाइंडिंग त्याबरहुकूम करता येतं.

आपला,
एक नियमित वाचक