वारशाची रायफल : पैसा लाकडावर घाला

महोदय,

अमेरिकेत ग्राहकाच्या मापाने बनवून घेतल्या जाणाऱ्या रायफलींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘नातवापर्यंत टिकेल’ अशा रायफलीसाठी स्टेनलेसची नळी, सिरॅमिकचा लेप आणि कार्बन फायबरचा दस्ता घ्यावा, असा त्याचा सूर आहे. आम्ही दोघे याच कामातले, एकाचा हात लाकडावर तर दुसऱ्याचा पोलादावर. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या रायफलींपैकी पोलाद झिजल्यामुळे बाद झालेल्या थोड्याच असतात. बहुतेकींचे दुखणे लाकूड आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे असते, आणि नेमक्या त्या जागेबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आधी पोलाद, कारण ते लवकर आटोपते. नळीसाठी दोनच जाती सर्रास वापरतात, ४१४० क्रोम-मॉलिब्डेनम आणि ४१६आर स्टेनलेस. ४१६आरमध्ये क्रोमियम सुमारे १३ टक्के असते आणि यंत्रावर सहज कापता यावे म्हणून मुद्दाम गंधक मिसळलेले असते. स्वयंपाकघरातल्या १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या भांड्यांशी त्याची गल्लत करू नये. घामाचे मीठ पुसले नाही तर त्यालाही बारीक खड्डे पडतात. ४१४० गंजते, पण त्यावर जुन्या पद्धतीचे रस्ट ब्लूइंग (गंजापासूनच बनवलेला काळा संरक्षक थर) चढते आणि ते पन्नास वर्षांनी पुन्हा करता येते. पृष्ठभाग तेलमुक्त करायचा, सौम्य आम्ल लावून दमट पेटीत गंज चढू द्यायचा, शुद्ध पाण्यात उकळून तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलायचा, बारीक स्टील वूलने सुटी भुकटी काढायची आणि हेच पाच ते आठ वेळा करायचे. दुनळीला गरम क्षारांचे ब्लूइंग करू नये. त्यातला कॉस्टिक सोडा नळ्यांमधला मऊ झाळ खातो. शिवाय सांध्यात अडकलेले क्षार पुढे वर्षानुवर्षे पाझरत राहतात.

जुन्या अ‍ॅक्शनवर (नळीमागचा, बोल्ट सरकतो तो पोलादी सांगाडा) नवी रायफल बांधण्याची हौस अनेकांना असते. १८९८च्या माउझरबद्दल आमची तक्रार नाही. फक्त तिचे पोलाद आतून मऊ आणि वरून पातळ कडक थराचे असते, म्हणून पॉलिश करताना हात आखडता घ्यावा लागतो. थर घासला गेला की बोल्टचे लग्ज (अडकणारे दाते) टेकण्याची जागा हळूहळू दबते आणि हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची मोकळीक, वाढत जातो. मात्र अमेरिकी लष्कराची जुनी स्प्रिंगफील्ड १९०३ रायफल घेताना आधी नंबर पाहावा. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ खालच्या अ‍ॅक्शन ठिसूळ निघू शकतात. तेव्हा तापलेल्या पोलादाचा रंग कारागीर नजरेने पारखत असत. लख्ख उन्हात आणि ढगाळ दिवशी तोच रंग वेगळा दिसतो, त्यामुळे काही नग जास्त तापले आणि जळले. १९१८मध्ये तापमापक आणि दुहेरी उष्णोपचार आल्यावर हे थांबले. असा जुना नग पुन्हा तापवून सुधारू, असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे काम देऊ नये. जळलेले पोलाद परत येत नाही.

आता लाकूड. फ्रेंच, तुर्की, सर्केशियन अशा नावांनी विकला जाणारा अक्रोड एकाच जातीचा, आणि काश्मीरचा अक्रोडही त्याच जातीचा. अमेरिकन काळा अक्रोड वेगळा. त्याची छिद्रे मोठी, त्यामुळे इंचाला १८ ते २२ ओळींचे चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली चौकटींची जाळी) ठीक बसते. त्याहून बारीक कोरले तर टोके उडतात. २४च्या पुढे जायचे असेल तर युरोपीय जातच हवी. पण भाव वाढतो तो लाकडावरच्या नक्षीमुळे, आणि ग्राहक तिथेच फसतो. दस्त्याच्या मानेत (मुठीत धरायच्या बारीक भागात) लाकडाच्या तंतूंच्या रेषा कशा गेल्या आहेत हे नक्षीपेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचे. रेषा मानेच्या वळणाबरोबर मागे खालून पुढे वर धावल्या पाहिजेत, आणि नळीखालच्या भागात नळीला समांतर. मानेत त्या आडव्या तुटल्या असतील तर रायफल एकदा हातातून निसटली की दस्ता तिथेच मोडतो, मग लाकूड कितीही महागाचे असो. नक्षी हवीच असेल तर ती खांद्याकडच्या रुंद भागात असावी. मानेत गाठ किंवा कुरळी रेषा दिसली तर तो ठोकळा परत करावा.

अडीच इंच जाडीचा ठोकळा हवेवर वाळायला इंचामागे वर्ष हा ठोकताळा आहे. पण ठोकताळ्यावर विसंबू नये. दर महिन्याला वजन करून तारखेसह ठोकळ्यावरच लिहावे. वजन स्थिरावले आणि मीटर ६ ते ८ टक्के ओलावा दाखवू लागला की मगच खोदकाम. काळा अक्रोड ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने ७.८ टक्के आणि त्यांना काटकोनात ५.५ टक्के आकसतो. लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या ६ टक्क्यांवर बसवलेली रायफल मेक्सिकोच्या आखाताच्या दमट किनाऱ्यावर १४ टक्क्यांवर पोचली, तर ५० मिलिमीटर रुंदी वलयांच्या दिशेने जवळजवळ एक मिलिमीटर फुगते. नळीच्या खोबणीत एवढी मोकळीक ठेवलेली नसली की लाकूड नळीला एका बाजूने ढकलते आणि पावसाळ्यात निशाणा सरकतो. दुर्बिणीला उगाच दोष दिला जातो.

आता मुद्द्याच्या जागेकडे. अ‍ॅक्शनखालचा रिकॉइल लग (धक्का झेलणारा पोलादी उंचवटा) प्रत्येक धक्का लाकडात उतरवतो. त्याची फक्त मागची बाजू टेकली पाहिजे. म्हणून धातू आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सी (कडक होणारी राळ) भरण्याआधी लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेपचा एक थर लावतात, आणि सगळ्या धातूवर न चिकटणारा लेप देतात. लेप विसरला की अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची बसते. अ‍ॅक्शनची मागची शेपटी लाकडाला घट्ट भिडवणे ही नवशिक्याची सर्वांत महागडी चूक, आणि ती दिसायला सुबक असते. लगमागचे लाकूड थोडे दबले की सगळा धक्का शेपटीवर येतो, ती पाचर होते आणि मान उभी चिरते. तिथे सुमारे अर्धा मिलिमीटर फट हवी. डोळ्याला ती खटकते, खटकू द्यावी. स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या की आवळताना लाकूड चिरडत नाही. .३७५ एच अँड एचसारख्या जोरदार काडतुसाला लगमागे पोलादी आडवा बोल्टही हवा.

वरून कितीही चकचकीत पॉलिश असले तरी पाणी शिरते ते न दिसणाऱ्या जागांतून. नळीची खोबण, मॅगझिनची आतली भिंत, स्क्रूची भोके आणि सर्वांत जास्त खांद्याकडच्या पट्टीखालचे कापलेले टोक. बेलतेलाने (जवसाच्या तेलाने) लाकूड सुंदर दिसते, पण वाफ फारशी अडत नाही. आत पातळ इपॉक्सी किंवा व्हार्निशचे दोन-तीन हात आणि बाहेर तेल, अशी विभागणी आम्हाला पटते. (बेलतेलाचे बोळे चुरगळून ठेवू नका. आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या डब्यात टाका.)

नाशवंत भाग कोणते, हेही सुरुवातीलाच ठरवावे. रबराची खांदापट्टी पंधरा-वीस वर्षांत कडक होते, पॉलियुरेथेनची दमट हवेत चिकट होऊन गळते. ती स्क्रूने बसवावी, चिकटवू नये. जुनी कडक रबराची मूठटोपी उन्हाने तपकिरी पडते, म्हशीच्या शिंगाला किडे लागतात. तिथे पोलादाची टोपी आणि पोलादाचीच पट्टी बरी. काडतूसही वारशाचाच भाग आहे. .३०-०६ हे १९०६पासून बाजारात आहे, ७×५७ त्याहून जुने. कालपरवा निघालेल्या काडतुसाची रायफल नातवाच्या हाती पडेल तेव्हा ते मिळत असेल का, हा प्रश्न लेखकाने विचारायला हवा होता.

कार्बन फायबर सरसकट वाईट नाही. अलास्कात पावसात हिंडणाऱ्याने तोच घ्यावा. पण मान मोडलेला अक्रोड गोंद, पिन आणि कौशल्याने सांधता येतो आणि ओरखडा पडलेला पुन्हा पॉलिश होतो. फायबरचा साचा बंद पडला की तसाच नग मिळणे कठीण.

लेख वाचून भारतातल्या कोणाला हौस वाटली तर एक गोष्ट ठळकपणे छापावी. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार बंदूक बनवणे, बदलणे, इतकेच काय दुरुस्त करणे यालाही परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. आजोबांची परवानाधारक बंदूक कोकणातल्या घरी सांभाळणाऱ्यांनी खोदकाम परवानाधारक कारागिरावर सोडावे. स्वतः करायचे ते एवढेच : चामड्याच्या पिशवीत किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओलावा धरतात. काडतुसे काढून, नळीचे तोंड खाली करून उभी ठेवा. उलट ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या माथ्यात मुरते. लाकूड काळे आणि भुसभुशीत होते, त्यावर इपॉक्सीही धरत नाही. मग कारागिराला अ‍ॅसिटोनमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचे लेप पुन्हा पुन्हा देऊन ते तेल ओढून काढावे लागते, आणि ते पूर्ण निघेलच असे नाही.

आपले,
दोन वाचक, पेनसिल्व्हेनिया