फोर्ट कोचीला अर्धा दिवस तरी द्या

केरळ सहलीच्या बसने जाणाऱ्या मराठी पर्यटकांना फोर्ट कोचीत बहुधा मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर छायाचित्रे काढण्यापुरताच वेळ मिळतो आणि लगेच मुन्नारची घाई सुरू होते. वास्तविक, १५२४ मध्ये कोचीतच निधन पावलेल्या वास्को द गामाला ज्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरले, ते तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. मात्र थडग्याची जागा, भिंतींत बसवलेल्या पोर्तुगीज व डच कबरशिळा आणि दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे आजही पाहता येतात. सांताक्रूझ बॅसिलिका आणि नौदलाचे छोटेखानी सागरी संग्रहालयही याच परिसरात आहे. सहल आयोजकांनी रविवार सकाळची प्रार्थनेची वेळ टाळून, संग्रहालयाची सुट्टी आधी विचारून आणि मोठ्या गटाचे दोन भाग करून (सगळे एकदम आत शिरले, तर मागच्यांना ना काही दिसते, ना ऐकू येते) हा कार्यक्रम आखावा. रस्ते अरुंद असल्याने बस एका जागी उभी करून पायीच फिरावे. ज्येष्ठांसाठी रिक्षा करता येते. मसाल्यांच्या दुकानांतील एक थांबा कमी केला, तरी एवढा वेळ सहज निघेल.

– एक वाचक, पुणे