गवती छपरं आपोआप टिकत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानमधल्या ओउचि-जुकु गावावरचा प्रवासलेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. पण ‘शेकडो वर्षं जसंच्या तसं राहिलेलं गाव’ हे वाक्य तिथल्या गावकऱ्यांवर अन्याय करणारं आहे, म्हणून हे पत्र.

फुकुशिमा प्रांतातलं हे गाव म्हणजे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, आइझु आणि निक्को यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचा मुक्कामाचा टप्पा. शेती करायची आणि वाटसरूंना उतरवून घ्यायचं, असा इथला दुहेरी संसार. घरांची बांधणीही त्याच बेताची. अरुंद बाजू रस्त्याकडे, पुढे लाकडी पडवी, तिला लागून पाहुण्यांच्या खोल्या आणि आत ‘इरोरी’, म्हणजे जमिनीत बसवलेली चौकोनी चूल. वळचणीखाली उभं राहिलं की कापलेल्या गवताचा जाडजूड थर दिसतो. आत मान वर करून पाहावं, तर वासे, बांबू आणि ते आवळणारे दोर धुराने काळे कुळकुळीत झालेले. हा धूरच छपराची राखण करतो. त्याने गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. चूल थंड पडली की छप्पर कुजू लागतं. त्यामुळे रिकामं ठेवलेलं घर कितीही डागडुजी केली तरी फार तग धरत नाही.

१८८४ मध्ये नवा रस्ता दुसरीकडून गेला, गाव आडबाजूला पडलं आणि म्हणून वाचलं, असं लेखात म्हटलं आहे. ते अर्धंच खरं. गेल्या शतकात इथेही गवतावर पत्रे चढले. घरं जतन करा असं बाहेरचे अभ्यासक सांगू लागले तेव्हा गावात मतभेद झाले. सोयीचं घर कोणाला नको असतं? १९८१ मध्ये गावाला राष्ट्रीय संरक्षण मिळालं आणि त्यानंतर पत्रे काढून घरं पुन्हा गवताने शाकारली गेली. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही, असा नेम गावाने स्वतःला घालून घेतला. तरुण मुलं म्हाताऱ्यांकडून शाकारणी शिकली. आजही सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, बर्फाच्या ओझ्याने आढं आधी खचतं आणि गवत कापण्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं. आगीची धास्ती तर कायमची. दर १ सप्टेंबरला गावभर पाण्याचे फवारे सोडून सराव केला जातो. २०२० मध्ये युनेस्कोने जपानी लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्यं वारसा म्हणून नोंदवली, त्यात ही शाकारणीही आहे.

कोकणात पावसाआधी घर शाकारायला वाडी जमायची, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यामागचे कष्ट सांगायला नकोत.

आता महाराष्ट्रातूनही जपानला बरेच लोक येतात. टेकडीवर चढून फोटो काढायचा आणि परत बसमध्ये बसायचं, एवढ्यावर भागवू नये. काही घरांत अजून मुक्कामाची सोय आहे. तिथे एक रात्र राहावं, तिथलं सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, खावं. छपराच्या खर्चाला अशा पैशांचाही हातभार लागतो. आणि आपल्याला विनंती, की पुढच्या वेळी या गावावर छापाल तेव्हा छपरावर चढलेल्या माणसांचाही एक फोटो द्यावा.

आपला नियमित वाचक,
तोक्यो