कडब्याचा भाव क्विंटलवर छापा

माननीय संपादक, स. न. वि. वि.

आपल्या बाजारभावाच्या पानावर ज्वारी, तूर, हरभरा यांचे दर क्विंटलवर येतात. कडब्याचा, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचा, मात्र शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर. पेंढी कुठे अडीच किलोची, कुठे साडेचार किलोची, त्यामुळे नुसत्या शेकड्यावरून विकणाऱ्याला काहीच उमगत नाही. समजा शेकडा २,००० रुपये आहे. तीन किलोच्या पेंढीला किलोमागे साडेसहा रुपयांच्या वर पडतात, चार किलोच्या पेंढीला पाचच. म्हणजे भरगच्च पेंढी बांधणाराच बुडतो. वर भरताना शेकड्यामागे दोन-चार पेंढ्या जादा मागतात त्या वेगळ्याच. कडबा विकणाऱ्याने गंजीतल्या (रचलेल्या ढिगातल्या) निरनिराळ्या ठिकाणच्या दहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी, सौदा क्विंटलवर करावा आणि गाडी रिकामी व भरलेली अशी दोन्ही वेळा वजनकाट्यावर घ्यावी. आपणही दराशेजारी पेंढीचे सरासरी वजन छापलेत तर निम्मी घासाघीस मिटेल.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाचा. मार्चमध्ये व्यापारी खळ्यावरच येतो. तेव्हा सगळ्या गावाचा कडबा एकदम मोकळा झालेला असतो आणि ऊसपट्ट्यात अजून वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळत असतात, म्हणून तेव्हा मागणी कमी. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडचे बरेच गोठे कारखाने बंद होईपर्यंत वाढ्यावर निभावतात. गाळप आटोपले की पावसाळी हिरवा चारा हाती येईपर्यंत त्यांना वाळला चारा विकतच घ्यावा लागतो. आपले खरे गिऱ्हाईक हेच. दुभत्या गाईला दिवसाला ५ ते ६ किलो वाळला चारा धरला, तर दहा गाईंच्या गोठ्याला एप्रिल ते जुलै ६ ते ७ टन लागतो. चांगल्या जमिनीत मालदांडी या रब्बी ज्वारीचा कडबा एकरी २० क्विंटलच्या आसपास निघतो. साडेतीन एकरांत एक गोठा कायमचा बांधता येतो. असे गोठे दूध संकलन केंद्रावर सकाळी चौकशी केली की सापडतात, त्यासाठी दलाल लागत नाही.

मात्र गोठेवाला माल पारखून घेतो. रब्बीच्या मालदांडीचा बारीक, गोड कडबा आणि खरिपातल्या संकरित वाणाचा जाड, काळपट कडबा यांना एक भाव तो देणार नाही, आणि देऊही नये. ज्वारी उपटून काढली असेल तर मुळांची माती झाडून, जमल्यास बुडखे तोडून पेंढी बांधावी. काट्यावर मातीचे पैसे मागितले की पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक गेलेच. ताट पेराशी वाकवल्यावर कडकन मोडले पाहिजे. नुसते वाकले तर ओल आहे; असा कडबा गंजीत तापतो, आतून बुरशी धरतो. गंज उंचवट्यावर, खाली दगड किंवा लाकडे टाकून, विजेच्या तारांपासून लांब रचावी. अवकाळी पावसाचा नेम नाही, म्हणून ताडपत्री आधीच आणून ठेवलेली बरी. भिजून काळा पडलेला कडबा चांगल्यात मिसळू नये, वेगळाच विकावा.

लांबच्या गिऱ्हाइकाला कुट्टी, म्हणजे यंत्राने बारीक तुकडे केलेला कडबा, परवडते. उभ्या पेंढ्यांनी ट्रक वजनाआधीच जागेने भरतो आणि भाडे तेवढेच पडते. शिवाय अखंड कडब्यातली पाने-शेंडे खाऊन जनावरे बुडखे टाकतात, कुट्टीत नासाडी कमी. पण यंत्राचा आणि मजुरीचा खर्च किलोमागे किती बसतो ते आधी काढावे. गोठा वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल तर पेंढीच बरी.

सौदा कागदावर असावा: किती क्विंटल, कोणत्या तारखांना, भराई-उतराई कोणाची, भाडे कोणाचे, इसार किती. टंचाईच्या वर्षी जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. तसे झाले तर इसाराचे काय, हेही त्यात लिहावे आणि एखादे गिऱ्हाईक आपल्या जिल्ह्यातलेच राखावे.

– एक ज्वारी उत्पादक, मंगळवेढा (जि. सोलापूर)