बेलाच्या पानाचं जहाज

वॉटर्लू, आयोवा
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज तर फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते "काय म्हणालीस?" असं तीनतीनदा विचारून ऐकण्यासारखं नाही. अक्षर मोठं काढलंय. चष्मा लावून सावकाश वाचा.

आई, तुम्ही दोघं इकडे आला होतात तेव्हा नायगारा बघून आपण बफेलोला थांबलो होतो, आठवतं? धक्क्याला करड्या रंगाची जुनी लढाऊ जहाजं बांधलेली होती. बाबांचे गुडघे धरले होते म्हणून आत गेलो नाही, बाहेरच बाकावर बसून चिवडा खाल्ला. एका जहाजाच्या धुराड्यावर हिरवं त्रिदळ रंगवलेलं बघून तू म्हणालीस, "अगं, यांच्या बोटीवर बेलाचं पान कसं काय?" मला ठाऊक नव्हतं. काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

ते बेलाचं पान नव्हतं, आई. आयर्लंडहून इकडे आलेल्या लोकांची ती खूण आहे, शॅमरॉक म्हणतात. तिकडे रानोमाळ उगवणारं साधं तीन पानांचं रोपटं. आणि त्या जहाजाचं नाव 'द सलिव्हन्स'. एका घराण्याचं नाव. ते घर ज्या गावातलं, त्याच गावात नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपूर्वी राहायला आले. इथलं सैनिकांचं संग्रहालय त्या घरातल्या पाच भावांच्या नावाचं आहे. मागच्या महिन्यात मी त्या पाटीचा फोटो पाठवला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "हे पाच भाऊ कोण?" त्याचंच उत्तर लिहायला बसलेय.

बाबा, तुम्हाला आधी वडलांबद्दल सांगते. थॉमस सलिव्हन. इलिनॉय सेंट्रल रेल्वेत मालगाडीवर कंडक्टर होते. इथे कंडक्टर म्हणजे आपल्याकडचा गार्ड. शेवटच्या डब्यात बसायचं, गाडी ताब्यात घ्यायची, कागद सांभाळायचे. त्या डब्याला इथे कबूस म्हणायचे, तुमची ब्रेकव्हॅनच ती. वॉटर्लूत रेल्वेचा मोठा कारखाना होता, म्हणजे भुसावळसारखंच गाव. अ‍ॅडम्स स्ट्रीटवर ९८ नंबरचं त्यांचं घर होतं. आता तिथे घर नाही, बाग आहे. मी कधीकधी संध्याकाळी तिथे जाऊन बसते.

बायको अ‍ॅलीटा. पाच मुलगे: जॉर्ज, फ्रँक, जो, मॅट आणि सगळ्यात धाकटा अल. एक मुलगी, जेनेव्हीव्ह. आणखी एक मुलगी झाली होती, ती तान्हेपणीच गेली. पोरं काही फार शिकली नाहीत. १९३० च्या सुमाराला इथे कामधंद्याची मोठी मारामार होती. मिळालं ते काम करायचं अशी सगळ्यांचीच गत. पाचही जण रॅथ नावाच्या मांसाच्या कारखान्यात लागले. जॉर्ज आणि फ्रँक आधी चार वर्षं नौदलात राहून आलेले.

७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. या भावांचा एक मित्र तिथे 'ॲरिझोना' जहाजावर होता, तो गेला. मग पाचही जण निघाले. अट एकच, आम्हाला एकाच जहाजावर ठेवा. अलचं लग्न झालेलं, घरात वर्षाच्या आतलं मूल. पण बायकोनं अडवलं नाही. ३ जानेवारी १९४२ ला पाचही भाऊ एकदम नौदलात भरती झाले आणि 'जुनो' नावाच्या नव्याकोऱ्या क्रूझरवर रुजू झाले.

नौदलानं भावाभावांना वेगळं ठेवायचं सुचवलं होतं, पण सक्ती केली नव्हती. त्याच जहाजावर रॉजर्स नावाचे चार भाऊही होते. लढाईच्या थोडं आधी त्यांच्यातले दोघे दुसरीकडे गेले म्हणून ते दोघे वाचले. सलिव्हन मात्र एकत्रच राहिले. यात त्यांचा हट्ट होता, असं इथले काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तुमच्या लहानपणी चाळीतली पाच पोरं एका ताटात जेवायची असं तुम्हीच सांगता ना? त्यांना कुणी वेगळी ताटं वाढली असती तर?

पुढचा परिच्छेद आईनं सोडला तरी चालेल.

१९४२ च्या नोव्हेंबरात प्रशांत महासागरात ग्वादालकॅनाल बेटापाशी लढाई झाली. १३ तारखेच्या पहाटेच्या अंधारात जुनोला एक टॉर्पेडो लागला. जहाज कसंबसं तरलं आणि सकाळी बाकीच्या जखमी जहाजांबरोबर परत निघालं. अकराच्या सुमाराला एका जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो नेमका दारूगोळ्याच्या कोठारापाशी लागला. जहाज फुटलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. पुढच्या जहाजांवरच्या लोकांना वाटलं, यातून कोण वाचणार? पाणबुडी आसपासच होती. जो अधिकारी सगळ्यांत ज्येष्ठ होता, त्यानं न थांबायचं ठरवलं आणि वरून जाणाऱ्या विमानाला निरोप दिला. तो निरोप वेळेवर पोचलाच नाही. पाण्यात शंभराच्या आसपास माणसं जिवंत होती. मदत यायला आठवडा लागला, तोवर दहा उरली. एकूण ६८७ माणसं गेली. जगलेल्यांनी नंतर सांगितलं की फ्रँक, जो आणि मॅट स्फोटातच गेले. अल पाण्यात बुडाला. थोरला जॉर्ज मात्र काही दिवस तराफ्यावर होता. तेलानं काळी झालेली तोंडं पुसून पुसून तो बघत होता, यातला आपला कुणी आहे का. शेवटी त्याचंही भान हरपलं आणि तो पाण्यात उतरला. जॉर्ज २७ वर्षांचा होता, अल २० चा.

इकडे घरी कुणालाच काही माहीत नाही. जहाज बुडाल्याची बातमी शत्रूला कळू नये म्हणून दाबून ठेवलेली. घराच्या खिडकीत पाच निळ्या चांदण्यांचा झेंडा लावलेला असायचा. घरातला एक माणूस लढाईवर असला की एक निळी चांदणी. तो गेला की तिच्या जागी सोनेरी. पोरांची पत्रं यायची बंद झाली. मग गावात कुजबुज सुरू झाली. एका बाईला तिच्या मुलाचं पत्र आलं, त्यात लिहिलेलं की सलिव्हनांची पाचही पोरं गेली, आणि ती बाई येऊन अ‍ॅलीटाबाईंना तसं सांगून गेली.

जानेवारी १९४३ मध्ये अ‍ॅलीटाबाईंनी नौदलाला पत्र लिहिलं. ते पत्र राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलंय, मी त्याची प्रत वाचली. अगदी साधं पत्र आहे, आई. तू बँकेला लिहितेस तसं. माझी पाच मुलं गेल्याची अफवा गावभर झाली आहे, मला फार काळजी लागली आहे, त्यांचं शेवटचं पत्र ८ नोव्हेंबरचं आहे, खरं काय ते कळवा. आरडाओरडा नाही, दोष देणं नाही. आणि मग पुढे लिहिलंय की फेब्रुवारीत पोर्टलंडला 'तवासा' नावाच्या बोटीचं नामकरण माझ्या हस्ते व्हायचं आहे, माझ्या पाच मुलांना काही झालं असलं तरी मी ते करीन, कारण तशी त्यांची इच्छा होती. या वाक्यापाशी मी अडकले. म्हणजे पत्र लिहितानाच त्यांच्या मनाला कळलेलं होतं. नुसता कागद यायचा बाकी होता.

१२ जानेवारीच्या सकाळी दारात तीन गणवेशातली माणसं उभी राहिली. थॉमस ड्यूटीवर जायच्या तयारीत होते. अधिकारी म्हणाला, तुमच्या मुलांबद्दल बातमी आहे. थॉमसनी विचारलं, "कुठला?" तो म्हणाला, "माफ करा. पाचही."

कागदावर 'बेपत्ता' असाच शब्द होता.

आणि बाबा, आता जे लिहितेय त्यासाठीच हे पत्र. त्यांची मालगाडी सुटायची वेळ झाली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही खाडा नव्हता असं इथे सांगतात. त्यांनी बायकोला विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, घरी थांबून तरी तुम्ही काय करणार? आणि ते गेले. डबा घेतला आणि ड्यूटीवर गेले. गाडीत लढाईचा माल होता. ती अडली तर दुसऱ्या कुणाची पोरं तिकडे अडतील, असं त्यांच्या मनात होतं म्हणतात.

हे मी संग्रहालयातून आले त्या रात्री वाचलं, आणि मला आपलं क्वार्टर दिसलं. आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही मनमाडला होतात. कंट्रोलकडून निरोप गेला होता, मागून मेल येत होती, तीत बसला असतात तर तीन तासांत घरी आला असतात. पण तुम्ही तुमची मालगाडी घेऊनच आलात, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. तोवर आजोबांना बर्फाच्या लादीवर ठेवलेलं. तिरडी बांधून झालेली, सगळे खोळंबलेले. कुणीतरी म्हणालं, "नोकरी बापापेक्षा मोठी झाली." मी ते ऐकलं, आणि खरं मानलं. तुम्ही आलात तेव्हा पांढऱ्या युनिफॉर्मच्या कॉलरला आतून काळी रेघ आली होती, हातात लाइन बॉक्सची किल्ली तशीच होती. मला तुमच्याकडे बघवेना. तेरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल पोरगी आजोबांच्या आठवणीनं गप्प आहे. तसं नव्हतं, बाबा.

आई एकदा म्हणाली होती की रिलीफ गार्ड नव्हता, गाडी सोडून यायची कुणाकडे. मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. पुढे किती वर्षं दिवाळीला तुम्ही ड्यूटीवर गेलात की माझ्या मनात तेच वाक्य यायचं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या वागण्यातून तुम्हाला लागलं असणार. मला माफ करा. तिकडे आल्यावर पाया पडून सांगेनच, पण तोवर थांबवत नाही म्हणून लिहितेय.

बाकीचं थोडक्यात सांगते. अ‍ॅलीटाबाईंनी शब्द पाळला. त्याच फेब्रुवारीत पोर्टलंडला जाऊन त्यांनी तवासाचं नामकरण केलं. मग दोघं नवरा-बायको नौदलाबरोबर गावोगाव फिरले. ६५ शहरांतल्या गोद्या आणि कारखाने त्यांनी पालथे घातले, दहा लाखांहून जास्त कामगारांसमोर बोलले, काम थांबवू नका म्हणून सांगितलं. ४ एप्रिल १९४३ ला सॅन फ्रान्सिस्कोत 'द सलिव्हन्स' पाण्यात सोडलं, ते अ‍ॅलीटाबाईंच्याच हस्ते. जेनेव्हीव्ह त्याच वर्षी नौदलाच्या महिला शाखेत गेली. अलचा मुलगा मोठा झाल्यावर त्याच जहाजावर खलाशी होता. आपण बफेलोला बघितलं ते हे जहाज, आई. २०२२ मध्ये धक्क्यापाशीच त्यात पाणी शिरून ते कललं होतं, लोकांनी पाणी उपसून परत सरळ केलं. आणि जुनो कुठे बुडालं ते २०१८ मध्ये सापडलं. सुमारे ४,२०० मीटर खोल. तिथून काही काढलं नाही, आहे तसं ठेवलं.

थॉमस १९६५ मध्ये गेले, अ‍ॅलीटाबाई १९७२ मध्ये. त्यांच्या मुलांना इथे मातीच मिळाली नाही.

अ‍ॅलीटाबाई त्या सभांमधून काय काय बोलल्या ते लिहून ठेवलेलं आहे, वर्तमानपत्रांनी छापलं. थॉमस फारसं बोलणारे नव्हते. त्या दिवशी कबूसमध्ये एकट्यानं बसून त्यांनी काय केलं, ते कुणी विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही.

बाबा, मी १० जानेवारीला निघतेय. मुंबईहून रेल्वेनंच येईन, विमान नको, मनमाड ते भुसावळ दिवसाउजेडी बघायचंय. तुम्ही स्टेशनवर यायची दगदग करू नका. घरी आले की आधी चहा घेऊ. मग आई देवापुढे बसली की तुम्ही मला सांगा, त्या रात्री मनमाडहून गाडी सुटल्यावर ब्रेकव्हॅनमध्ये तुम्ही काय करत होतात? दिवा लावलेला होता का? वाटेत कुठल्या सिग्नलला थांबलात? मला सगळं ऐकायचंय, भुसावळ येईपर्यंतचं.

आईनं गोळ्या वेळेवर घ्याव्यात. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शेजारच्या काकूंना सांगा, लाजू नका.

तुमची,
छोटी